लाकूड आले, माहिती बंदरावरच राहिली

जांब समर्थला घर बांधायला काढलेला माणूस चौकटी-दरवाजांचे लाकूड पाहायला कुंभार पिंपळगावला, घनसावंगीला किंवा थेट जालन्याच्या वखारीवर जातो. तिथे त्याच्यासमोर तीन-चार नावे ठेवली जातात. घाना साग, सीपी साग, ऐपत असेल तर बर्मा, आणि हात आखडता असेल तर मलेशियन साल. भाव घनफुटावर सांगितला जातो, नमुना म्हणून एक फळी रंधा मारून दाखवली जाते, आणि व्यवहार पुरा होतो. सीपी म्हणजे इंग्रजी अमदानीतला सेंट्रल प्रॉव्हिन्सेस, आपल्या चंद्रपूर-नागपूरपासून पलीकडे बालाघाटपर्यंतचा मुलूख. तो प्रांत जाऊन पाऊणशे वर्षे होत आली, पण वखारीत तो अजून नांदतो आहे. घाना म्हणून विकला जाणारा साग घानाचाच असेल याची खात्री नाही. बेनिन, टोगो, नायजेरिया, टांझानिया, इक्वाडोर, कोस्टारिका, पनामा, ब्राझील अशा अनेक देशांतून साग आपल्याकडे उतरतो. मलेशियन साल या नावाखाली बलाऊसारखी सालाच्या नात्यातली टणक लाकडे येतात, तशीच त्याहून हलक्या प्रतीची भलतीसलती लाकडेही खपून जातात.

परदेशी लाकूड विकत घेण्यात मला काही वावगे दिसत नाही. आपल्याला लागते तेवढे लाकूड आपल्या जंगलांतून काढायचे ठरवले तर जंगले उरणार नाहीत. माझी तक्रार वेगळी आहे. हे लाकूड समुद्र ओलांडून आपल्या उंबरठ्यापर्यंत येते, पण त्याच्याबद्दलची माहिती बंदरावरच राहते. झाड कोणते, किती वयाचे, कुठल्या मातीतले, किती वाळलेले, यातले काहीही घर बांधणाऱ्यापर्यंत पोहोचत नाही. दार लटकवणाऱ्या मिस्त्रीपर्यंतही नाही. या अज्ञानाचा भुर्दंड तिघांवर पडतो: घरधन्यावर, सुतारावर आणि बांधावर साग लावून बसलेल्या शेतकऱ्यावर.

जालना जिल्ह्यात इमारती लाकडाचे जंगल असे नाहीच. गोदावरीच्या उत्तरेचा हा काळ्या मातीचा, ज्वारी-कापसाचा, मोसंबीचा मुलूख. सागाची तुळई इथे नेहमी बाहेरूनच आली. मराठवाडा हैदराबाद संस्थानात होता तेव्हा आदिलाबादची सागाची जंगले त्याच राज्यात होती, आणि आज नांदेड जिल्ह्यात असलेला किनवट तालुका १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यातच मोडत होता. म्हणजे वाड्याच्या खांबाला बाहेरगावचे लाकूड लागणे ही इथली जुनी रीत आहे. 'आपले लाकूड विरुद्ध परके लाकूड' असा वाद ज्यांना घालायचा असेल त्यांनी तो खुशाल घालावा. जांबसारख्या गावाला तो कधीच परवडणारा नव्हता.

गावचे स्वतःचे लाकूड म्हणजे बाभूळ आणि कडुनिंब. नांगर, वखर, तिफण, गाडीची चाके, जू, सगळे बाभळीचे. बाभळीचा गाभा सागापेक्षा जड आणि टणक असतो, धक्के सोसतो. बलुत्यातल्या सुताराला त्या लाकडाबद्दल जे ठाऊक होते ते फार मोलाचे होते. कोणत्या वयाची बाभूळ आऱ्याला काढायची, कोणती गाडीच्या तुंब्याला चालेल, कोणती जळणाच्याच लायकीची, हे तो उभ्या झाडाकडे पाहून सांगायचा. तोडलेले ओंडके विहिरीत किंवा डोहात महिनोन् महिने बुडवून ठेवायची पद्धत होती. त्याचे कारण आज लाकूडशास्त्र सांगते: पांढऱ्या लाकडातली पिठूळ, गोड द्रव्ये पाण्यात उतरून जातात आणि भुगा पाडणाऱ्या किड्याला त्यात खायला उरत नाही. सुताराच्या तोंडी स्टार्च हा शब्द नव्हता, पण परिणाम त्याला पक्का माहीत होता. झाड आणि ज्ञान एकाच शिवारात वाढत होते, म्हणून एकापाठोपाठ दुसरे आपोआप चालत आले. बागप्रकरणात झाडांच्या नावांची लांबच लांब माळ ओवणारे समर्थ रामदास याच गावात १६०८ साली जन्मले. नावानिशी झाड ओळखणे ही त्या काळात विद्वत्तेची गोष्ट नव्हती, ती जगण्याची गरज होती.

हे ज्ञान कसे ओसरले याला मराठवाड्यात एक तारीखही सांगता येते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला आणि माळवदाची घरे माणसांच्या अंगावर कोसळली. जाड दगडमातीच्या भिंती, वर कड्या-तुळयांवर अंथरलेला मातीचा जड थर, तोही दर पावसाळ्याआधी नवी माती टाकून वाढत गेलेला. हजारो माणसे त्या मातीखाली गेली. त्यानंतर सबंध मराठवाड्यात माळवदाची भीती बसली, आणि ती अनाठायी म्हणता येणार नाही. पण दोष जड मातीचा आणि सांधा नसलेल्या भिंतींचा होता; लाकडाचा सांगाडा धड बांधलेला असेल तर तो भूकंपात उलट लवचीकपणे तग धरतो. लोकांनी मात्र माती, दगड, लाकूड यांना एकाच पंक्तीत बसवले. स्लॅब आला, आणि जालना तर सळईचेच गाव, त्यामुळे चौकटही लोखंडी झाली. जुनी माळवदे उतरली तेव्हा त्यांतले खांब, तुळया, कोरीव दरवाजे व्यापाऱ्यांनी उचलून नेले. शंभर-दीडशे वर्षे वाळलेला, नैसर्गिक जंगलातला, पूर्ण गाभ्याचा साग मिळेल त्या किमतीला गेला, आणि त्याच घरधन्याने नव्या घरासाठी वीस-पंचवीस वर्षांच्या लागवडीतला परदेशी साग चढ्या भावाने आणला. हे अजूनही घडते आहे. ज्यांच्या घरी अजून माळवद उभे आहे आणि ते उतरवायचेच ठरले आहे, त्यांनी त्यातल्या तुळया सॉ मिलवर चिरून नव्या घराच्या चौकटींना वापराव्यात, असे मी हात जोडून सांगेन. खिळे काढायला लागणारी मजुरी सोडली तर त्या लाकडाला जगातल्या कुठल्याही बंदरावर तोड नाही.

बाहेरचे लाकूड एवढ्या प्रमाणात का यायला लागले? १९८८ च्या राष्ट्रीय वन धोरणाने जंगलाकडे लाकडाची खाण म्हणून पाहणे थांबवले. १२ डिसेंबर १९९६ ला गोदावर्मन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जंगलतोडीवर आणि आरा गिरण्यांवर कडक बंधने घातली. दोन्ही गोष्टी योग्यच झाल्या. पण मागणी कमी झाली नाही, ती बंदराकडे वळली. गुजरातेतल्या कांडला बंदरात ओंडके उतरू लागले आणि शेजारच्या गांधीधाममध्ये आरा गिरण्यांची मोठी वसाहत उभी राहिली. न्यूझीलंडचा पाइन असो की आफ्रिकेचा साग, देशात येणाऱ्या लाकडाचा मोठा वाटा याच दाराने येतो. म्यानमारने १ एप्रिल २०१४ पासून ओंडक्यांच्या निर्यातीवर बंदी घातली तेव्हा बर्मी सागाचा ओघ आटला आणि व्यापारी आफ्रिका व लॅटिन अमेरिकेच्या लागवडींकडे वळले.

त्या लागवडींचा साग हा आपल्याच सागाचा वंश आहे. सागाची मूळ भूमी भारत, म्यानमार, थायलंड आणि लाओस एवढीच. निलंबूरला मलबारचा कलेक्टर कॉनोली याने १८४० च्या दशकात सागाची लागवड करून घेतली, आणि सागाचे बी पेरून रोप तयार करण्याचे तंत्र तिथे बसले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला भारत-ब्रह्मदेशचे बी पश्चिम आफ्रिकेत गेले, त्रिनिदादला गेले, पुढे मध्य अमेरिकेत पोहोचले. वनस्पती म्हणून घानाचा साग आणि बल्लारशाचा साग एकच. फरक पडतो तो वयाने आणि हवामानाने. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलातला साग उन्हाळ्यात पाने झाडून उभा राहतो, पाणी बेताचे मिळते, खोड सावकाश भरते. भरपूर पाऊस आणि वर्षभर ऊब असलेल्या प्रदेशात तेच झाड झपाट्याने वाढते, दोन वलयांमधले अंतर रुंद पडते.

इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. भराभर वाढलेला साग म्हणजे कमजोर साग, हे सरसकट खरे नाही. वाकवून, दाबून केलेल्या चाचण्यांत वीस-पंचवीस वर्षांचा लागवडीचा साग जंगलातल्या सागाच्या बराच जवळ येतो. मार खातो तो टिकाऊपणात. सागाला वाळवी आणि बुरशी लागत नाही याचे श्रेय त्याच्या गाभ्यात साठणाऱ्या तेलकट द्रव्यांना जाते. त्यातल्या एकाचे नावच टेक्टोक्विनोन आहे, सागाच्या टेक्टोना या नावावरून पडलेले. ही द्रव्ये वयाबरोबर वाढतात. कोवळ्या झाडात गाभा लहान, त्याभोवतीचे पांढरे लाकूड जास्त, आणि जो गाभा आहे त्यातही ही द्रव्ये कमी. पांढऱ्या लाकडाला वाळवी खुशाल खाते, मग ते सागाचे असले तरी. वखारीत एका टोकाला पिवळट-पांढरी पट्टी असलेली फळी पॉलिश मारून एकसारखी तपकिरी दिसते, आणि पाच-सात वर्षांनी चौकटीचा नेमका तोच भाग पोकळ होतो. दोष ना घानाचा ना सागाचा. पांढरी पट्टी छाटून टाकायला हवी होती, ती कुणी छाटली नाही आणि घेणाऱ्याला कुणी दाखवली नाही.

आता जरा सविस्तर बोलायला हवे ते ओलाव्याबद्दल. आमच्या भागात परदेशी लाकडाची सर्वांत मोठी फसगत तिथेच होते. लाकूड मेल्यानंतरही हवेशी देवाणघेवाण करत राहते. हवा दमट असेल तर ते पाणी घेते, कोरडी असेल तर सोडते, आणि त्याप्रमाणे फुगते किंवा आकसते. समुद्रकाठच्या गोदामात, पावसाळी हवेत पडलेल्या लाकडात त्याच्या कोरड्या वजनाच्या १८ टक्के पाणी असणे अगदी साहजिक आहे. जालन्यात मे महिन्यात दुपारची आर्द्रता २० टक्क्यांच्या आसपास घसरते आणि पारा चाळिशीच्या वर असतो. त्या हवेत काही आठवडे राहिलेली फळी ६ टक्क्यांपर्यंत उतरू शकते. मधल्या १२ टक्क्यांचा हिशेब कुणीतरी भरावाच लागतो.

तो हिशेब प्रत्येक लाकडाचा वेगळा असतो. पूर्ण ओल्या अवस्थेपासून पूर्ण कोरडे होईपर्यंत साग आपल्या वलयांना स्पर्श करणाऱ्या दिशेने सुमारे ५.८ टक्के आकसतो. आग्नेय आशियातून येणारे केरुइंग त्याच मापाने जवळजवळ ११ टक्के आकसते. मर्बाऊ ४.६ टक्के, म्हणजे सागाहूनही कमी. आता एक फूट रुंदीची, वलयांना स्पर्शून चिरलेली फळी घ्या आणि तिचा ओलावा १८ वरून ६ वर आणा. साग साधारण ७ मिलिमीटर आकसेल, मर्बाऊ साडेपाच, केरुइंग १३. दरवाजाच्या पल्ल्यात तेरा मिलिमीटरची फट म्हणजे करंगळी आत जाईल एवढी जागा. श्रावणात घट्ट बसणारे आणि वैशाखात खुळखुळणारे दार आपण सुताराच्या नावावर खपवतो. पुष्कळदा सुताराचा त्यात काहीच अपराध नसतो. त्याला ओले लाकूड दिले, कोणते ते सांगितले नाही, आणि वास्तुशांतीची तारीख मात्र ठरवून टाकली.

बरे, हे टाळण्याचे ज्ञान दुर्मीळ आहे अशातला भाग नाही. भारतीय मानक ब्युरोच्या आयएस २८७ या मानकात आर्द्रतेनुसार देशाचे चार विभाग पाडले आहेत आणि कुठल्या विभागात दार-खिडकीच्या लाकडात किती ओलावा चालेल हे दिले आहे. ओलावा मोजायचे हातात मावणारे यंत्र मिळते. दोन टोकदार पिना लाकडात टोचल्या की आकडा दिसतो. काही हजार रुपयांची ही वस्तू जालन्याच्या प्रत्येक वखारीत असायला हवी आणि गिऱ्हाइकाने ती मागायला हवी. यंत्र नसेल तरी लाकूड बांधकामाच्या आधी आणून, सावलीत, फळ्यांमध्ये पट्ट्या घालून, हवा खेळेल असे रचून ठेवता येते. आमच्या कोरड्या हवेत फळ्यांची टोके आधी वाळतात आणि तडकतात, म्हणून टोकांना रंग किंवा मेण फासावे. घर वर्षभर आधी ठरते. लाकूड मात्र आपण शेवटच्या महिन्यात आणतो.

मर्बाऊचा उल्लेख मुद्दाम केला, कारण परदेशी म्हणजे हलके हा दुसरा गैरसमज आहे. मर्बाऊचे घनफूट वाळल्यावर साधारण २३ किलो भरते, सागाचे १८ च्या पुढेमागे. बाहेरच्या दाराला ते उत्तम, वाळवीला दाद देत नाही. पण ओले झाले की त्यातून तांबूस रंग गळतो आणि पांढरी भिंत डागाळते. लोखंडाच्या खिळ्याशी संबंध आला तर काळे डाग पडतात. ज्याला हे ठाऊक आहे तो आधी लाकूड धुवून, पावसात ठेवून रंग काढून टाकतो आणि पितळी किंवा स्टेनलेस स्टीलचे स्क्रू वापरतो. ज्याला ठाऊक नाही तो 'मलेशियाचे लाकूड खराब' असे सांगत फिरतो. न्यूझीलंडचा पाइन घनफुटाला चौदा किलोच्या आसपास, कामाला मऊ, पण प्रक्रिया केली नसेल तर वाळवीला पर्वणी. पलंगाच्या आतल्या पट्ट्यांना तो चालतो, उंबरठ्याला चालत नाही. मलेशियाच्या तयार फर्निचरमध्ये रबराच्या झाडाचे लाकूड मोठ्या प्रमाणात असते. चीक देऊन थकलेले पंचवीस-तीस वर्षांचे झाड तोडून ते काढतात, म्हणून जंगलाच्या दृष्टीने ते स्वच्छ लाकूड आहे. बोरॉनची प्रक्रिया केलेली असेल आणि पाण्यापासून लांब ठेवले तर घरात छान टिकते. अंगणात ठेवले की संपले.

कारखान्यांत यंत्रे ज्या खोक्यांतून येतात त्यांच्या लाकडाचीही आता खाटा-कपाटे होतात. त्या फळ्यांवर गव्हाच्या लोंबीची खूण आणि शेजारी एचटी किंवा एमबी अशी अक्षरे असतात. एचटी म्हणजे गाभ्यापर्यंत ५६ अंशांवर अर्धा तास तापवलेले. एमबी म्हणजे मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेले. एमबी शिक्क्याचे लाकूड घरात आणू नये आणि चुलीत तर मुळीच घालू नये. ही साधी गोष्ट भंगारवाल्यापासून गिऱ्हाइकापर्यंत कुणालाच सांगितली जात नाही.

आणि सुताराचे काय? आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ साली लाकडाच्या भुशाला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकले. नाक आणि नाकाभोवतीच्या पोकळ्यांचा कर्करोग टणक लाकडांच्या धुळीशी जोडला गेलेला आहे. पश्चिम आफ्रिकेतल्या इरोकोसारख्या लाकडांच्या भुशाने कातडीला खाज सुटते, दमा चाळवतो. बाभळीचा भुसा खात दोन-तीन पिढ्या काढलेल्या सुताराला आपल्या अंगाला काय सोसते याचा अंदाज होता. आज त्याच्या यंत्राखाली कधी आफ्रिकेचे, कधी बोर्निओचे लाकूड असते, भुसाही पूर्वीच्या हातरंध्यापेक्षा बारीक उडतो, आणि तोंडाला रुमाल एवढाच बंदोबस्त. आपण कशाची धूळ आत घेतो आहोत हे कळण्याचा त्याला पूर्ण हक्क आहे.

परदेशी लाकूड विकत घ्यावे की नाही या प्रश्नावर मराठीत तीनशे वर्षांपूर्वी लिहिलेले उत्तर आहे. रामचंद्रपंत अमात्यांनी १७१५-१६ च्या सुमारास सिद्ध केलेल्या आज्ञापत्रात आरमाराच्या लाकडाविषयी एक प्रकरण आहे. मोठमोठ्या तख्त्यांसाठी आणि डोलकाठ्यांसाठी स्वराज्याच्या अरण्यातले सागवानादी वृक्ष परवानगी घेऊन तोडावेत, त्याउपर लागेल ते परमुलखातून खरेदी करून आणावे, असे तिथे स्पष्ट सांगितले आहे. रयतेच्या आंब्या-फणसांना मात्र हात लावू द्यायचा नाही, कारण ती झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती लेकरांसारखी वाढवलेली असतात. अगदी जीर्ण झालेले एखादे झाड हवेच असेल तर धन्याला राजी करून, मोल देऊन न्यावे, बळजोरी करू नये. परमुलखातल्या खरेदीला राज्यकर्त्याची हरकत नाही. त्याचा कटाक्ष आहे झाडाच्या धन्यावर: झाड कुणाचे, तो राजी आहे का, त्याला मोल मिळाले का.

ही कसोटी आजच्या आयातीला लावली तर आपण कुठे उतरतो? ज्या बर्मा सागाचा एवढा बोलबाला आहे त्याचा इतिहास रत्नागिरीत उभा आहे. १८६३ साली स्थापन झालेल्या बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशनवर ठरल्यापेक्षा जास्त साग नेल्याचा ठपका ठेवून ब्रह्मी दरबाराने सुमारे २३ लाख रुपयांचा दंड केला. तेच निमित्त करून इंग्रजांनी १८८५ मध्ये युद्ध पुकारले आणि राज्य खालसा केले. राजा थिबाला रत्नागिरीत आणून ठेवले. १९१६ मध्ये तो तिथेच वारला. मुंबईच्या कंपनीच्या ओंडक्यांच्या हिशेबावरून एक राजघराणे संपले. आणि हे केवळ जुने दुखणे नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये म्यानमारात लष्कराने सत्ता बळकावल्यावर अमेरिकेने आणि युरोपीय संघाने तिथल्या सरकारी लाकूड महामंडळावर निर्बंध घातले, कारण सागाचा पैसा थेट बंदुकांकडे जातो. बेकायदा तोडलेले लाकूड विकायला बंदी करणारे कायदे अमेरिकेत २००८ पासून, ऑस्ट्रेलियात २०१२ पासून, युरोपात २०१३ पासून आहेत. भारतात आयात होणाऱ्या लाकडासाठी असा स्वतंत्र कायदा नाही. परमुलखातल्या रयतेचे झाड बळजोरीने तोडलेले आहे की नाही, हे विचारायची सक्ती आपल्याकडे कुणावरही नाही.

वखारवाले म्हणतील, इतका तपास आम्ही कुठून करायचा? त्यांचा प्रश्न रास्त आहे, पण उत्तर त्यांना वाटते तेवढे अवघड नाही. वनस्पती संगरोधाचा २००३ चा आदेश देशात येणाऱ्या लाकडाबरोबर मूळ देशाचे वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र मागतो. त्या प्रमाणपत्रावर झाडाचे शास्त्रीय नाव असते, मूळ देश असतो, धुरी किंवा उष्णतेची कोणती प्रक्रिया केली तेही असते. म्हणजे माहिती कांडल्याच्या धक्क्यावर कागदावर लिहिलेली, शिक्का मारलेली हजर आहे. तिथून गांधीधामची गिरणी, घाऊक व्यापारी, जालन्याची वखार, तालुक्याचे दुकान या प्रवासात ती गळत जाते, कारण पुढच्या बिलावर ती उतरवण्याची सक्ती नाही. एक घनफूट लाकूड विकताना बिलावर शास्त्रीय नाव, मूळ देश आणि विक्रीच्या दिवशीचा ओलावा लिहिला पाहिजे, एवढा एकच नियम झाला तर निम्मी फसवणूक थांबेल. प्लायवूडसाठी केंद्र सरकारने गुणवत्ता नियंत्रणाचा आदेश काढला, डिसेंबर २०२३ मध्ये भारतीय वन व लाकूड प्रमाणन योजनाही सुरू केली. मग चिरलेल्या लाकडाच्या बिलावर तीन ओळी वाढवायला काय हरकत आहे?

गिऱ्हाईक फक्त भाव विचारतो, असेही ऐकू येते. तो भाव विचारतो, कारण दुसरे काय विचारायचे हे त्याला कुणी शिकवलेले नाही. सोने घेताना हॉलमार्क पाहायला हाच माणूस शिकला. आयटीआयच्या सुतारकामाच्या वर्गात दहापट भिंग घेऊन लाकडाची आडवी कापलेली बाजू वाचायला शिकवली, सागाची छिद्रांची स्पष्ट वलये कुठली आणि बलाऊची सारखी विखुरलेली छिद्रे कुठली हे मुलांना दाखवले, तर पाच वर्षांत प्रत्येक मोठ्या गावात नावानिशी लाकूड ओळखणारा एक मिस्त्री तयार होईल. डेहराडूनची वन संशोधन संस्था आणि बंगळूरची काष्ठ विज्ञान संस्था यांच्याकडे यासाठी लागणारे नमुने आणि शास्त्र दशकांपासून आहे. ते मराठीत उतरवून जालन्यापर्यंत आणायचे आहे.

राहिला बांधावरचा शेतकरी. २०१२-१३ च्या दुष्काळात घनसावंगी-अंबडच्या मोसंबीच्या बागा वाळल्या आणि लोकांनी फळबागेवर कुऱ्हाड चालवली, ती लाकडे सरपणाला गेली. त्यानंतर अनेकांनी बांधावर साग लावला, कारण तो कमी पाण्यावर जगतो. बांधावरचा साग विकायची वेळ येते तेव्हा शेतकऱ्याला कळते की साग हे महाराष्ट्र वृक्षतोड अधिनियम १९६४ च्या अनुसूचीतले झाड आहे. तोडायला परवानगी, न्यायला वाहतूक परवाना, त्याआधी सातबारावर झाडाची नोंद, मोजणी, शिक्का. जंगलातली चोरी थांबवायला हे नियम आले आणि त्यांचे कारण खरे आहे. पण परिणाम असा की दलाल उभ्या झाडांचा अंगावर सौदा करतो, कागदाची कटकट आपल्याकडे घेतो आणि भावाचा मोठा हिस्साही. सात समुद्रांपलीकडचा ओंडका बंदरातले कागद पुरे झाले की देशभर फिरतो, जांबच्या बांधावरचा साग मात्र शेजारच्या तालुक्यातल्या सॉ मिलपर्यंत जायला आठवडे घेतो. २०१४ च्या राष्ट्रीय कृषिवानिकी धोरणाने हे अडथळे दूर करायचे म्हटले होते. राष्ट्रीय वाहतूक परवाना प्रणालीही आता ऑनलाइन झाली आहे. तालुक्याच्या पातळीवर शेतकऱ्याला तिचा उपयोग होईल असे करणे हे वन विभागाचे काम आहे.

गंमत म्हणून नव्हे, खरोखर नीट विचार करून सांगतो: ज्या पुराव्यांची अपेक्षा आपण परदेशी लाकडाकडून करायला हवी ते सगळे पुरावे या बांधावरच्या सागाकडे आधीच आहेत. झाड कोणते, कुणाच्या गटातले, कोणत्या साली लावले, तोडायला धनी राजी होता का, सगळे सातबारावर आणि परवान्यावर लिहिलेले असते. वीस-पंचवीस वर्षे राखून तोडला तर वय घानाच्या सागाइतकेच, आणि वाढ कोरड्या हवामानातली. गांधीधामहून ट्रकने आणायचा खर्च नाही. वखारीत घाना आणि सीपीच्या शेजारी 'घनसावंगी' असा तिसरा ढीग लावायला व्यापाऱ्याला आणि शेतकऱ्याला एकत्र यावे लागेल. शेतकरी उत्पादक कंपन्या मोसंबी आणि सोयाबीनसाठी हे करतातच. जोपर्यंत बिलावर नाव लिहायची सक्ती नाही, तोपर्यंत हा साग निनावी ढिगात निनावी भावानेच जाणार, आणि पंचवीस वर्षे झाड राखणाऱ्याला त्याचे मोल मिळणार नाही.